ला फोंतेनच्या घरी

पॅरिसला जाऊन आलेल्या माणसाला लोक कोणते प्रश्न विचारतात, ते आता आम्हांला पाठ झाले आहेत. आयफेल मनोऱ्यावर चढलात का, मोनालिसासमोर किती गर्दी होती, जेवणाचे हाल झाले का? या प्रश्नांना आम्ही यथाशक्ति उत्तरे देतो. परंतु २०१८ सालच्या मे महिन्यात कन्येकडे पॅरिसला राहिलो असता जे आमच्या मनात घर करून राहिले, ते मार्न नदीच्या काठचे शातो-तिएरी नावाचे एक लहानसे गाव होय. त्याविषयी मात्र आजवर आम्हांला कोणी विचारले नाही. म्हणून वाचकहो, न विचारताच सांगत आहोत.

तेथे जाण्याचे कारण बडोद्यात, दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरात होते. आमचे आजोबा संस्थानी अमलात एका कचेरीत कारकून होते. कोणी एक युरोपियन अधिकारी मायदेशी परतताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात आजोबांनी एक पितळी दिवा आणि त्याच्याबरोबर फुकटात पडलेले एक फ्रेंच पुस्तक घरी आणले. दिवा केव्हाच मोडीत गेला, पुस्तक राहिले. त्याचे पहिले पान नाहीसे झालेले होते आणि घरात कोणालाही फ्रेंच येत नव्हते. तरी आम्हां मुलांना ते फार प्रिय होते, कारण पानोपानी काळ्या रेघांची चित्रे होती: झगा घातलेला लांडगा, काठी टेकीत चाललेला बेडूक, मखमली खुर्चीवर बसलेले मांजर. संध्याकाळी आजोबा ते मांडीवर उघडून गोष्टी सांगत. त्या गोष्टी पंचतंत्रातल्या असत. त्यामुळे पुढे कित्येक वर्षे आमची अशी प्रामाणिक समजूत होती की, हे विष्णुशर्म्याचेच पुस्तक असून कोणा साहेबाने ते आपल्या लिपीत छापले आहे.

ही समजूत अगदीच खुळी नव्हती, हे कळायला साठ वर्षे जावी लागली. कन्येच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनी आम्ही भ्रमणध्वनीवर नेलेली दोन-तीन पाने पाहिली आणि तत्काळ ओळखली. “हा तर ला फोंतेन!” असे त्या ज्या स्वरात म्हणाल्या, त्या स्वरात आपल्याकडे “हे तर तुकोबा!” म्हणतात. फ्रान्समधील प्रत्येक मूल शाळेत त्याच्या प्राणिकथा तोंडपाठ करते. त्यांनीच सांगितले की, कवीचे जन्मघर तासाभराच्या वाटेवर आहे आणि तेथे त्याचे संग्रहालय आहे.

पॅरिसच्या पूर्व स्थानकावरून गाडी निघते. उपनगरे संपली की मार्न नदी सोबतीला येते, आणि पुढे उतारांवर द्राक्षांच्या बागा दिसू लागतात. शँपेनचा मुलूख येथून सुरू होतो. शातो-तिएरी गावाच्या डोक्यावर जुन्या किल्ल्याची तटबंदी आहे. १९१८ साली पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात येथे घनघोर लढाई झाली, आणि जवळच्या टेकडीवर अमेरिकन सैनिकांचे भव्य स्मारक उभे आहे. बहुतेक परदेशी प्रवासी त्या स्मारकासाठीच येतात. आम्ही स्थानकावर वाट विचारली तेव्हा आम्हांलाही प्रथम तिकडचाच रस्ता दाखविण्यात आला.

कवीचे घर गावातल्या चढणीच्या गल्लीत आहे. १५५९ साली बांधलेले, दगडी, शांत, त्याला लागून अंगण. ज्याँ द ला फोंतेन याचा येथे १६२१ च्या जुलैत बाप्तिस्मा झाला. त्याचे वडील सरकारी वने आणि जलाशय यांवरील अधिकारी होते. पुढे तीच नोकरी त्याच्याकडे आली. रानात हिंडण्याचा पगार मिळणारा कवी विरळाच! नोकरीत त्याचे फारसे लक्ष नसे, संसारात त्याहूनही नसे, आणि १६७६ साली त्याने हे वडिलोपार्जित घर विकून टाकले. ज्या घराला त्याच्या नावाने लोक आज भेट देतात, ते त्याला स्वतःला राखता आले नाही.

परंतु या भोळसट वाटणाऱ्या माणसाने एक गोष्ट मोठ्या धैर्याने केली होती. त्याचा आश्रयदाता फुके हा चौदाव्या लुईचा अर्थमंत्री. १६६१ साली राजाने त्याला एकाएकी कैद केले आणि तो मरेपर्यंत बंदिवासातच राहिला. दरबारातील मंडळींनी पाठ फिरविली असता ला फोंतेनने त्याच्यासाठी दयेची याचना करणारे काव्य लिहिले. राजाची गैरमर्जी त्याला पुष्कळ काळ भोवली. १६८३ साली फ्रेंच अकादमीने त्याची निवड केली, तेव्हाही राजाने संमती पुढच्या वर्षापर्यंत अडकवून ठेवली. अशा माणसाने माणसांविषयी उघड बोलायचे सोडून सिंह, कोल्हा, गाढव यांच्याविषयी बोलावे, यात नवल नाही. त्याच्या कथांचे पहिले सहा भाग १६६८ साली निघाले, ते सहा-सात वर्षांच्या युवराजाला अर्पण केलेले होते. लहान मुलाच्या खेळण्यातून दरबारावर टीका आत शिरली!

संग्रहालयाच्या खोल्यांतून याच कथांची वेगवेगळ्या काळची पुस्तके आणि चित्रे मांडलेली होती. पहिल्या आवृत्तीतील शोव्हो याची तांब्यावर कोरलेली चित्रे इतकी चिमुकली आहेत की नाक काचेला लावून पाहावी लागतात. आम्ही ती पाहिली आणि पुढे गेलो. आम्हांला थांबविले ते उद्रीने. हा पंधराव्या लुईच्या दरबारचा शिकारचित्रकार. राजाच्या शिकारी कुत्र्यांची चित्रे काढण्यात त्याचा हातखंडा. १७२९ ते १७३४ या काळात त्याने या कथांवर दोनशे पंचाहत्तरांहून अधिक रेखाचित्रे केली. ती वीस वर्षे पडून राहिली. नंतर कोशँ याने कोरणाऱ्यांच्या सोयीसाठी ती पुन्हा रेखाटली, अनेक कारागिरांनी मिळून तांब्याच्या पत्र्यांवर कोरली, आणि १७५५ ते १७५९ मध्ये चार अवजड खंड निघाले. उद्री पहिल्याच वर्षी वारला.

येथे आम्हांला आमच्या भाचीची आठवण झाली. बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत तिने ग्राफिक्सचे शिक्षण घेतले, तेव्हा तिने एकदा आम्हांला बसवून हे काम दाखविले होते. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर अणकुचीदार कोरणीने रेघ खणायची, किंवा मेणाचा लेप देऊन त्यात रेघ ओढायची आणि तेजाबाने ती खाऊ द्यायची. मग पत्र्यावर शाई चोळून वरची सगळी पुसून टाकायची. शाई उरते ती फक्त खणलेल्या रेघांत. ओलसर कागद वर घालून दोन लोखंडी रुळांमधून पत्रा पिळून काढला की कागद त्या रेघांतली शाई शोषून घेतो, आणि पत्र्याच्या कडेची खोलगट खूण कागदावर कायमची उमटते. डोळे मिटून बोट फिरविले तरी ती कळते. चूक झाली तर पत्रा घासून पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडेही हे कसब अगदी अपरिचित नव्हते. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात एका तांबटाने ते युरोपियनांकडून उचलले, आणि त्यातूनच १८०५ साली मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली.

या कष्टाची कल्पना असल्यामुळे उद्रीच्या खंडांसमोर आमचा आदर दुणावला. कोल्ह्याची शेपटी हात लावून पाहावी अशी! तथापि खरे सांगायचे तर आम्हांला ती चित्रे थोडी मुकी वाटली. उद्रीचा लांडगा हा अस्सल लांडगा आहे. त्याला भूक आहे, पण कावेबाजपणा नाही. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील या खंडांबाबत संग्राहकांचे मोठे कुतूहल एकाच गोष्टीचे असते. माकड आणि चित्ता यांच्या कथेच्या चित्रात जत्रेतील एक फलक आहे. आरंभीच्या प्रतींत तो कोरा आहे आणि नंतरच्या प्रतींत त्यावर चित्त्याचे नाव कोरले आहे. कोरा फलक असलेली प्रत अधिक मोलाची. प्राणिकथा लिहून ज्या मोठेपणाची कवीने थट्टा केली, तोच मोठेपणा त्याच्या पुस्तकांना असा चिकटला.

पुढच्या खोलीत ग्राँव्हील होता आणि आम्ही आमच्या लहानपणात शिरलो. हे झगे, या टोप्या, हे चष्मे! आजोबांच्या पुस्तकातील चित्रे याचीच, असे क्षणभर वाटले. जवळून पाहता ती नव्हती. त्याचे अनुकरण करणाऱ्या कोणा अनामिकाची असावीत. परंतु वंश तोच.

ग्राँव्हीलचा जन्म १८०३ साली नान्सी येथे झाला. तो कथाचित्रकार म्हणून नव्हे, तर राजकीय व्यंगचित्रकार म्हणून पुढे आला. फिलिपाँ नावाच्या संपादकाच्या ‘ला कारिकातूर’ या पत्रात तो मंत्र्यांची आणि न्यायाधीशांची रेवडी उडवीत असे. हा फिलिपाँ म्हणजे १८३१ साली भर न्यायालयात लुई-फिलिप राजाचा चेहरा चार टप्प्यांत नाशपातीचे फळ करून दाखविणारा गृहस्थ! १८३५ च्या जुलैत राजावर प्राणघातक हल्ला झाला, त्याचे निमित्त करून सप्टेंबरात कायदे आले, आणि चित्र छापण्यापूर्वी सरकारची परवानगी घेणे बंधनकारक झाले. ते पत्र बंद पडले. अनेकांच्या लेखण्या आणि कोरण्या खाली ठेवल्या गेल्या. ग्राँव्हीलने तीन वर्षांनी, १८३८ साली, ला फोंतेनच्या कथा चित्रित केल्या. ज्या दारातून कवी दीडशे वर्षांपूर्वी बाहेर पडला होता, त्याच दारातून चित्रकारही निसटला. पहारेकऱ्याला सिंह आणि गाढव दिसले. वाचकाला कोण दिसले, ते वाचकाला ठाऊक.

त्याची चित्रे तांब्यावरची नव्हेत, लाकडावरची. बॉक्सवूड हे अतिशय कठीण लाकूड आडवे कापून, त्याच्या आडव्या छेदावर चित्र कोरीत. येथे प्रकार तांब्याच्या उलट आहे. पांढरे राहायचे तेवढे खणून काढायचे, उरलेली उंच रेघ शाई घेते. छापखान्यातील खिळेही असेच उठावाचे, त्यामुळे हा ठोकळा खिळ्यांच्या शेजारीच फर्म्यात बसवून मजकूर आणि चित्र एका दाबात छापता येई. तांब्याचा पत्रा लवकर झिजतो. लाकडाचा ठोकळा, आणि त्यावरून ओतलेला धातूचा ठसा, हजारो प्रती सोसतो. पुस्तक स्वस्त झाले. उद्रीचा सिंह सरदाराच्या कपाटात राहिला; ग्राँव्हीलचा सिंह कारकुनाच्या घरी गेला, आणि त्याच्या नातलगांपैकी एक दांडिया बाजारातही पोचला.

नाकतोडा आणि मुंगी यांच्या घराण्यातील एक प्रसिद्ध कथा आहे. उन्हाळाभर गाणारी सिकाडा हिवाळ्यात मुंगीच्या दारी याचना करते आणि मुंगी तिला आता नाच म्हणते. ग्राँव्हीलने दोन्ही कीटकांना कपडे चढविले आहेत. सिकाडेजवळ गिटार आहे, मुंगी दारातली खट्याळ गृहिणी. आपण हसतो. तेथून पुढे गुस्ताव्ह दोरे याचे १८६७ च्या आवृत्तीतील चित्र आहे. हाही पोरवयात फिलिपाँच्याच पत्रात तयार झाला. पण त्याने या चित्रातून किडे काढूनच टाकले. बर्फात वाद्य घेऊन उभी असलेली एक गरीब तरुणी, दारात विणकाम करणारी बाई, आणि तिची मुले. हसू मावळले. कथा तीच, शब्द तेच. परंतु येथे मुंगीची बाजू घेण्याचे धाडस आम्हांला झाले नाही. दोरेची इतर चित्रे, काळोखी रानांची आणि प्रचंड खडकांची, आमच्या मते अंमळ नाटकी आहेत. हे एक चित्र मात्र त्याच्या सर्व पापांना पुरून उरेल.

आता मांजराकडे येऊ. ला फोंतेनच्या १६७८ च्या दुसऱ्या संग्रहात त्याने स्पष्ट लिहिले आहे की, यातील बऱ्याच कथांसाठी आपण पिल्पे नावाच्या भारतीय ज्ञान्याचे ऋणी आहोत. हा पिल्पे म्हणजे आपले पंचतंत्रच. सहाव्या शतकात ते इराणात पहलवी भाषेत गेले, आठव्या शतकात अरबीत, पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरात येथे ‘अन्वार-इ-सुहैली’ या नावाने नव्या फारसी थाटात नटले, आणि तेथून १६४४ साली फ्रेंचमध्ये उतरले. दक्षिणेतील महिलारोप्य नगराच्या राजपुत्रांसाठी सांगितलेल्या गोष्टी हजार वर्षांहून अधिक प्रवास करून या मार्नकाठच्या माणसाच्या हाती पडल्या. आजोबांनी फ्रेंच चित्रांवर पंचतंत्र सांगितले, त्यात त्यांची फारशी चूक नव्हती!

ससा आणि कपिंजल पक्षी बिळाच्या मालकीवरून भांडतात आणि नदीकाठी दर्भ घेऊन तप करणाऱ्या मांजराकडे न्याय मागायला जातात, ही कथा वाचकांना आठवत असेलच. महाबलीपुरमच्या शिळेवर सातव्या शतकात कोरलेले, पाय वर करून तप करणारे मांजर त्याच कुळातील. ला फोंतेनने पक्ष्याच्या जागी मुंगसासारखा दिसणारा वीझल आणला आणि मांजराला राबलेच्या ग्रंथातील एका म्हाताऱ्या कवीचे नाव दिले: रामिनाग्रोबिस. गुबगुबीत, सोवळे, शांत. वार्धक्यामुळे ऐकू येत नाही, जरा जवळ या, असे म्हणून ते दोघांनाही दोन पंजांत पकडते. शेवटी कवी सांगतो की, लहान लहान राजे आपली भांडणे मोठ्या राजांकडे नेतात त्यांचे असेच होते. संस्थानी मुलखात वाढलेल्या आमच्यासारख्यांना यावर भाष्य नको. रेसिडेन्सीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या कितीतरी भाऊबंदांच्या हकिकती आम्ही ऐकल्या आहेत.

या संग्रहालयाच्या मालकीत एक ठेवा असा आहे की, तो पाहण्याची आमची फार इच्छा होती. १८३७ ते १८३९ या काळात लाहोरच्या इमाम बख्श या चित्रकाराने याच कथांवर रंगीत चित्रे केली. फ्रान्समधील एका हौशी गृहस्थाने रणजितसिंहांच्या पदरी असलेल्या फ्रेंच सेनाधिकाऱ्यांच्या द्वारे ती करवून घेतली होती. कागदावरील नाजूक चित्रे सदैव उजेडात ठेवता येत नाहीत. आम्ही ती पुस्तकातल्या छपाईत पाहिली. पगड्या, कमानी, आणि त्यांच्यात वावरणारे आपलेच प्राणी. परदेशी गेलेली लेक माहेरी आली की आई जशी तिला आपली साडी नेसवते, तसे काहीसे आम्हांला वाटले.

निघताना आम्ही तेथील एका बाईंना आमच्या पुस्तकातील चित्रे दाखविली. त्यांनी ती लक्षपूर्वक पाहिली. एकोणिसाव्या शतकात अशी शालेय पुस्तके शेकड्यांनी निघाली, असे त्या म्हणाल्या. मात्र चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पाहा, कोरणाऱ्याचे नाव कधी कधी बारीक अक्षरांत असते, अशी युक्ती सांगितली. डावीकडे चित्रकार, उजवीकडे कोरणारा. जगाला नाव ठाऊक असते ते बहुधा डावीकडच्याचे.

बडोद्यास परतल्यावर भाचीला बोलावून घेतले. तिने भिंग आणले आणि आम्ही एकेक चित्र तपासू लागलो. कोरणाऱ्याचे नाव कोठेच सापडले नाही. सापडली ती पेन्सिलीची अक्षरे. इतकी फिकट की साठ वर्षांत कोणाच्या नजरेस आली नव्हती. सिंहाखाली ‘साहेब’. कोल्ह्याखाली दोन आद्याक्षरे. ही चित्रकथा म्हणजे प्राण्यांवर आलेल्या साथीची. ला फोंतेनच्या दुसऱ्या संग्रहाचा आरंभ तिनेच होतो. सर्वांत पापी असेल त्याने बळी जावे, असे सिंह सुचवितो. तो स्वतः मेंढरे आणि धनगर खाल्ल्याचे कबूल करतो; कोल्हा ते पुण्यच ठरवितो. वाघ-अस्वलांची झडती कोणी घेत नाही. गाढव बिचारे मठाच्या कुरणातील जिभेएवढे गवत खाल्ल्याचे सांगते, तोच लांडगा उठतो. कवी म्हणतो की हा लांडगा थोडाफार लिहिणे-वाचणे शिकलेला होता. तो भाषण करून गाढवाचा अपराध सिद्ध करतो, आणि गाढव जाते. आजोबा या चित्रावर सिंहाला स्वतःला अर्पण करणाऱ्या उंटाची गोष्ट सांगत. “उंट कुठे आहे?” असे आम्ही विचारले की, “तिकडे उंटाचे गाढव झाले,” असे म्हणत.

आमच्या पुस्तकातील चित्रात लांडग्याच्या हाती कागद आहे आणि तो वाचून दाखवीत आहे. त्याच्या पायाशी पेन्सिलीने एकच अक्षर लिहिले होते: ‘मी’.

आत्या तेव्हा नव्वदीच्या पुढे होती. तिला विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की, फार वर्षांपूर्वी कचेरीत काही रकमेची अफरातफर झाली होती आणि त्यात एका शिपायाला काढून टाकले. तो माणूस दोन दिवस आमच्या ओट्यावर येऊन बसत असे. चौकशीचा कागद वरून सांगितला त्याप्रमाणे लिहिलेला होता. “अक्षर नानांचं होतं. नानांचं अक्षर फार सुरेख.” एवढेच तिला ठाऊक होते. आजोबांना फ्रेंच येत नव्हते. तो लांडगा लिहिणारा-वाचणारा आहे, हे त्यांना त्याच्या हातातील कागदावरूनच कळले असले पाहिजे.

भाचीने पुस्तक दुरुस्तीला नेले. पाने सुटी करून मऊ रबराने एकेक पान स्वच्छ करताना तिने फोन केला आणि पेन्सिलीच्या खुणाही काढू का, म्हणून विचारले. आम्ही नको म्हणालो. आता ते पुस्तक नव्या बांधणीत, पातळ कापडात गुंडाळून, देवघराशेजारच्या कपाटात ठेवले आहे. नातवंडे सुटीत येतात तेव्हा आम्ही ते काढतो. त्यांना सर्वांत जास्त आवडते ते मांजरच.